भरपाईचा निकाल देणारा माणूस कुणाचा?

लूमवर कामगाराचं बोट गेलं की त्याबद्दलचा पहिला निकाल कोर्टात लागत नाही, शेडमध्येच लागतो. मागांवर देखरेख करणारा जॉबर म्हणतो, "याचंच लक्ष नव्हतं." कारखानदार म्हणतो, "दवाखान्याचं मी बघतो, पुढं वाढवू नका." दवाखान्यात सोबत आलेला माणूस 'घरी लागलं' असं सांगतो आणि केसपेपरवर तेच चढतं. काही दिवसांनी स्टॅम्पपेपरवर अंगठा उमटतो: अमुक रक्कम मिळाली, माझी काही तक्रार नाही. चूक कुणाची, अपघात कामावर झाला की नाही, बोटाची किंमत किती, हे तिन्ही प्रश्न तोवर निकालात निघालेले असतात. आणि ते निकालात काढणारे सगळे जण ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याच्या बाजूचे असतात.

म्हणून कामगार भरपाईच्या वादातला निःपक्षपातीपणा समजून घ्यायचा तर "साहेब कसे आहेत?" या प्रश्नापासून सुरुवात करून चालत नाही. निकाल देणारे साहेब कितीही सज्जन असले तरी प्रकरण त्यांच्यासमोर पोचलंच नाही तर त्या सज्जनपणाचा कामगाराला काय उपयोग? सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून ते पूर्व भागातल्या घराला लागून असलेल्या चार-सहा मागांच्या शेडपर्यंत बहुतेक प्रकरणं वाटेतच अडतात. कायद्याने यावर विचार केलेला आहे, आणि तो कामगारापर्यंत पोचायला हवा.

मूळ कायदा १९२३ चा. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं, २०१० पासून कर्मचारी भरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्यावर हा विषय त्या संहितेत गेला. निकाल देणाऱ्याला जुन्या कायद्यात 'आयुक्त' म्हणत, संहितेत 'सक्षम प्राधिकारी' म्हणतात. आधी घडलेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याप्रमाणेच चालतात आणि लोकांच्या तोंडी अजून आयुक्तच आहे, त्यामुळे इथेही तोच शब्द वापरतो. चौकट दोन्हीकडे जवळपास सारखी आहे.

'मिटवून टाकू' याला कायदा काय म्हणतो

भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार कायद्याने रद्दबातल आहे. स्टॅम्पपेपरवर असो की कोऱ्या कागदावर, कामगाराने राजीखुशीने अंगठा दिलेला असो की नसो. तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी आहे, किंवा फसवून, दबावाखाली सही घेतली आहे असं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात.

कामगाराचा मृत्यू झाला असेल तर नियम आणखी कडक आहे. पैसे थेट घरच्यांच्या हातात द्यायचेच नाहीत, आयुक्तांकडे जमा करायचे. मालकाने परस्पर विधवेला काही दिलं, तर थोड्या आगाऊ रकमेचा अपवाद सोडता ती भरपाई धरली जात नाही. बायको, मुलं, आई-वडील यांच्यात वाटणी कशी करायची, बाईच्या किंवा लहान मुलांच्या नावाची रक्कम बँकेत गुंतवायची का, हेही आयुक्तच ठरवतात. इथे निःपक्षपातीपणाची गरज मालकासमोर तर असतेच, घरातही असते. दीर आणि सासरे पुढारपण करत असताना तरुण विधवेचं म्हणणं वेगळं असू शकतं, आणि ते ऐकणारा बाहेरचा माणूस लागतो.

आणखी एक गोष्ट मागावरच्या आणि ऊसतोडीच्या कामगारांनी पक्की लक्षात ठेवावी. भरपाईच्या रकमेतून उचल वळती करता येत नाही. "तुझ्याकडं माझी चाळीस हजार उचल आहे, ती कापून उरलेले घे," असं कारखानदार किंवा मुकादम म्हणाला तर ते बेकायदेशीर आहे. उचलीचा हिशेब वेगळा आणि गेलेल्या बोटाचा वेगळा. माझ्या मते सोलापूर जिल्ह्यासाठी या कायद्यातली ही सर्वात मोलाची तरतूद आहे, आणि तिची चर्चा सर्वात कमी होते.

आयुक्त म्हणजे कोण

आयुक्त राज्य सरकार नेमतं. त्यासाठी न्यायिक सेवेत किंवा वकिलीत किमान पाच वर्षं लागतात, किंवा कामगार संबंधांचं शिक्षण आणि अनुभव असलेला, पाच वर्षं राजपत्रित राहिलेला अधिकारी लागतो. तमिळनाडूसारख्या राज्यात हे काम कामगार खात्याचे अधिकारी करत आले. महाराष्ट्रात ते बहुतांशी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पाहत आले.

हा फरक महत्त्वाचा आहे. खात्यातल्या अधिकाऱ्याला दुपारी वरिष्ठांची बैठक असते आणि संध्याकाळी मंत्र्यांचा दौरा. भरपाई मागणारा कामगार महापालिकेच्या किंवा सरकारी ठेकेदाराच्या कामावरचा असला तर देणाराही सरकारच्या बाजूचा आणि ठरवणाराही सरकारचा, अशी अवस्था होते. न्यायाधीशावर उच्च न्यायालयाची देखरेख असते आणि त्याची ठराविक काळाने बदली होते. गावाचे लागेबांधे चिकटू नयेत हा बदलीमागचा एक हेतू आहे. ठेकेदारामार्फत कामाला लावलेल्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, त्यामुळे समोर ठेकेदारासोबत मोठी संस्था उभी राहते, कधी त्यांची विमा कंपनीही. एका बाजूला एवढं बळ असताना मधल्या माणसाची स्वतंत्र नेमणूक ही चैन नव्हे.

टक्के ठरलेले आहेत, मग पक्षपात शिरतो कुठून?

कोणता अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचं कोष्टक कायद्यालाच जोडलेलं आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, हाड शाबूत राहून फक्त टोक गेलं तर ५. वयानुसार गुणक ठरलेला आहे. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८.

हिशेब करून बघू. वय ३०, पगार महिना १२,००० रुपये, तर्जनी मुळापासून गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला २०७.९८ ने गुणलं की १४,९७,४५६. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,०९,६४४ रुपये. यात साहेबांच्या मर्जीला जागा कुठे आहे? वरवर पाहता कुठेच नाही. इतकं सगळं आकड्यांत बांधून टाकण्यामागे हाच उद्देश होता.

आता पगाराच्या जागी सहा हजार लिहा. रक्कम निम्मी होते, १,०४,८२२. 'मुळापासून'च्या जागी 'टोक' लिहा. मूळ पगारावरसुद्धा ती ७४,८७३ वर येते. गुणाकारात पक्षपात करता येत नाही. तो करता येतो गुणाकाराआधी, म्हणजे पगार किती, वय किती, जखम कुठवर, अपघात कामाच्या ओघात झाला का, आणि हा माणूस यांचा कामगार होता का, या प्रश्नांत. म्हणून सुनावणीत याच पाच जागांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं.

समजा, साक्ष चालू आहे. मालकाचे वकील पगारपत्रक दाखवतात. "यावर सहा हजार लिहिलंय. खालची सही तुमचीच ना?" कामगार म्हणतो, "सही माझीच हाय." वकील बसतात. आयुक्त एवढंच लिहून घेऊन पुढे जाऊ शकतात. किंवा विचारू शकतात: "पगार महिन्याला मिळायचा की आठवड्याला? रोजावर की नगावर? डझनाला काय दर होता? आठवड्यात किती डझन टॉवेल निघायचे? सही केली तेव्हा कागदावर आकडा होता का?" आणि मालकाला उत्पादनाचं रजिस्टर हजर करायला सांगू शकतात.

बऱ्याच जणांना वाटतं की असे प्रश्न विचारले म्हणजे साहेब कामगाराच्या बाजूला झुकले. तसं नाही. खरा पगार शोधणं हे त्यांचं कामच आहे. हा कायदा मुळात कामगाराच्या कल्याणासाठी केलेला आहे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज त्यात नाही, अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला एवढं पुरतं. "लक्ष नव्हतं याचं" हा जॉबरचा मुद्दा तिथेच बाद होतो. दारू प्यायलेला असणं किंवा मशीनचं संरक्षक कव्हर मुद्दाम काढून टाकणं असे मोजके अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही मालकाला वाचवत नाहीत. कायदा असा कामगाराकडे कललेला असू शकतो. निकाल देणाऱ्याने मात्र पुराव्याकडेच बघायचं. भरपाई वेळेत दिली नाही तर व्याज लागतंच, शिवाय मालकावर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो, पण त्याआधी उशीर का झाला हे सांगायची संधी मालकाला द्यावीच लागते. ती न देता लावलेला दंड अन्यायाचाच.

याउलट आयुक्तांनी मालकाला परस्पर फोन करून पगार विचारला, किंवा कामगाराला न कळवता मालकासोबत शेड बघून आले, तर तिथे हरकतीला जागा आहे. त्यांच्या मनात काही काळंबेरं नसेलही. पण एका बाजूने काय कानावर घातलं हे दुसऱ्याला कळलंच नाही तर तो उत्तर कशाला देणार?

सोलापूरला भाषेचाही मुद्दा आहे. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. मराठी बाजारापुरती येते, साक्षीपुरती येतेच असं नाही. आपण सांगितलं आणि उतरवलं गेलं ते एकच आहे का, हे कळलं नाही तर समान संधी कागदावरच राहते. साक्ष वाचून दाखवा, दुभाषा द्या असं मागायला लाजू नये. युनियनचा पदाधिकारीसुद्धा कामगाराच्या वतीने आयुक्तांसमोर उभा राहू शकतो.

पक्षपात कशाला म्हणायचं

"साहेब मॅनेज आहेत" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. न्यायालयं पक्षपाताकडे कसं बघतात ते मात्र बरंच नेमकं आहे.

पहिला प्रकार पैशाच्या संबंधाचा. निकालात निर्णय देणाऱ्याचा आर्थिक हितसंबंध असेल तर तो किती, हे बघायचं नसतं. १८५२ साली इंग्लंडमध्ये खुद्द लॉर्ड चान्सलरचे, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या न्यायाधीशाचे, एका कालवा कंपनीत शेअर्स होते म्हणून त्यांनी कंपनीच्या बाजूने दिलेला आदेश रद्द झाला. ते त्यामुळे झुकले असं कुणीच म्हटलं नव्हतं. हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. इथे सहकारी साखर कारखान्याचा सभासद गावागावात आहे. निर्णय देणारा त्याच कारखान्याचा शेअर्सधारक सभासद असेल, तर त्या कारखान्यातल्या अपघाताचं प्रकरण त्याने स्वतःहून दुसरीकडे सोपवायला हवं.

दुसरा प्रकार नात्याचा आणि आधीच्या कामाचा. निर्णय देणारा पूर्वी त्याच मालकाचा किंवा विमा कंपनीचा वकील होता का, जवळचा नातेवाईक कुठल्या बाजूने उभा आहे का? इथे कसोटी अशी की सगळी हकिगत माहीत असलेल्या समंजस माणसाला रास्त शंका येईल का. प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करावं लागत नाही. १९६९ च्या क्रायपाक प्रकरणात वनखात्यातला एक अधिकारी निवड मंडळावर होता आणि स्वतः उमेदवारही होता. त्याच्या नावाचा विचार चालू असताना तो बाजूला बसला, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. न्याय होणं पुरेसं नाही, तो होताना दिसला पाहिजे, हे जगभर उद्धृत होणारं तत्त्व १९२४ च्या एका इंग्लिश खटल्यातलं आहे, आणि तोही मोटारसायकलच्या अपघातावरून उभा राहिलेला. मॅजिस्ट्रेट निकालासाठी आत गेले तेव्हा त्यांचा कारकूनही सोबत गेला. अपघाताची भरपाई मागणाऱ्या बाजूच्या वकील फर्ममध्ये तो भागीदार होता. आत तो खटल्याबद्दल एक शब्दही बोलला नाही, पण मोटारसायकलस्वाराला धोकादायक वाहन चालवल्याबद्दल झालेली शिक्षा रद्द झाली.

तिसरा प्रकार मत आधीच पक्कं असण्याचा. "हे कामगार बोटं मुद्दाम घालतात" असं कुणी सुनावणीआधीच बोलून दाखवलं, तर पुढची साक्ष कशासाठी?

आता पक्षपात कशाला म्हणू नये तेही बघू. अंतरिम अर्ज फेटाळला, तारीख दिली नाही, आडवेतिडवे प्रश्न विचारले, तडजोडीचं सुचवलं, एवढ्यावरून पक्षपात ठरत नाही. एकाच जातीचे, एकाच भाषेचे, एकाच कॉलनीत राहणारे, एवढंही पुरत नाही. नुसत्या संशयावर माणसं बदलत बसलो तर न आवडणारा न्यायाधीश टाळण्याची सोय आधी पैसेवाल्यालाच मिळेल, कारण तारखा लांबवणं त्यालाच परवडतं. कायद्याने तीन महिन्यांत प्रकरण निकाली काढायला सांगितलंय. दिरंगाईने मोडतो तो कामगारच.

हरकत घ्यायची तर केव्हा?

कळल्याबरोबर. १९५७ च्या माणकलाल प्रकरणात चौकशी मंडळाच्या अध्यक्षाने पूर्वी समोरच्या पक्षकाराची वकिली केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अशी व्यक्ती तिथे असायलाच नको होती. तरीही माणकलाल हरले, कारण त्यांनी ही हरकत वेळेत घेतलीच नव्हती. निकाल आपल्या बाजूने लागतो का ते बघू, नाही लागला तर हरकत काढू, हे चालत नाही.

हरकत तोंडी, कुजबुजत नको. नेमकी हकिगत, तारीख, असतील ते कागद जोडून लेखी अर्ज त्याच आयुक्तांसमोर द्यावा. ते स्वतः बाजूला होऊ शकतात, प्रकरण दुसऱ्या आयुक्ताकडे पाठवू शकतात. राज्य सरकारलाही प्रकरण वर्ग करण्याचा अधिकार आहे. अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश मागा. पुढे उच्च न्यायालयात जायचं तर हाच कागद हाती असतो.

निकाल विरुद्ध गेला म्हणजे...

शेजारच्या धाराशिवचं एक प्रकरण सांगतो. साखर कारखान्यातला एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. तिथल्या दिवाणी न्यायाधीशांनी आयुक्त म्हणून कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले: अपघात वाटेत झाला, कामावर नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचाच आदेश कायम केला. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाच्या ओघातलाच धरायचा.

यात कुणी पक्षपाती नव्हतं. एका वाक्याचा अर्थ काय, यावर मतं वेगळी पडली. अशा मतभेदाला उपाय अपील हा आहे, आरोप नव्हे. पण त्या घराने बावीस वर्षं वाट पाहिली हेही खरं आहे, आणि ते वाचताना मला अजून त्रास होतो.

अपील उच्च न्यायालयात साठ दिवसांत करावं लागतं आणि त्यासाठी कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. पगार किती, जखम किती, अशा वस्तुस्थितीच्या बाबतीत आयुक्तांचा शब्द साधारणपणे शेवटचा. १९७५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला सुतार होता. कोष्टकातल्या टक्केवारीवर थांबून चालणार नाही, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण धरायचं, हा आयुक्तांचा निष्कर्ष तिथे टिकला. तुटलेला धागा दिवसभर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोडणाऱ्या विणकराने हा निकाल आपल्या वकिलाला आवर्जून दाखवावा. मालकाला अपील करायचं तर आधी मंजूर रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, म्हणजे कामगाराला दमवण्यासाठी अपील करणं सोपं राहत नाही.

ज्यांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं त्यांचा मार्ग वेगळा. दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना आणि २१,००० पर्यंत पगार असेल तर भरपाई मालकाकडून न मिळता या विम्याच्या महामंडळाकडून मिळते. अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि ते पटलं नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते. मंडळ महामंडळाच्या व्यवस्थेतलंच असल्याने हा अपिलाचा हक्क सोडू नये.

दावा अपघातापासून दोन वर्षांत दाखल करायचा. उशिराचं सबळ कारण असेल तर आयुक्त तो नंतरही घेऊ शकतात. अपघात झाला तिथे, स्वतः राहता तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, यांपैकी कुठेही तो करता येतो. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातून सोलापूरच्या फडात आलेला तोडकरी आपल्या गावाकडे दावा लावू शकतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. औद्योगिक कामगार, सगळ्या स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना पहिला केसपेपर सोबत घ्या. त्यावर 'घरी लागलं' असं लिहिलेलं असेल तर अपघात खरा कुठे झाला, तेव्हा शेजारच्या मागावर कोण होतं आणि ते वाक्य कुणी सांगितलं, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.